चांदोबाचे नातेवाईक

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कोणी विचारलं तर मला क्षणभरही थांबावं लागत नाही. गोदाताईचे. गोदाताई म्हणजे माझी थोरली बहीण. जामखेडला आमच्या घरात शाळेत जाण्याची पद्धत नव्हती. ताई दुसरीपर्यंत गेली आणि आई आजारी पडल्यावर घरी बसली. मी मात्र शाळेत गेलो तो परत आलोच नाही, असं ती म्हणायची. माझी फी, पुस्तकं, पुढे नगरला आणि पुण्याला राहणं-जेवणं, हे सगळं तिने लोकांची दळणं दळून चालवलं. गावात पिठाची गिरणी आलेली होती. पण भाजणी आणि मेतकूट लोक अजून जात्यावरचंच मागत. गिरणी तापते आणि भाजणीचा वास उडून जातो, असं ताई गिऱ्हाइकांना पटवून द्यायची. ते शास्त्र होतं की धंद्याची युक्ती, हे भूगर्भशास्त्राची पदवी घेऊनही मला सांगता येणार नाही. त्या जात्यातून आयुष्यभर जे काही बाहेर पडलं, त्यात एक मीही होतो, एवढं खरं.

पदवी मिळाली आणि नोकरी लागली ती थेट जयपूरला. दगड तपासण्याची सरकारी प्रयोगशाळा. काळ्या दगडाच्या मुलखातला मुलगा गुलाबी दगडाच्या शहरात आला आणि तिथेच राहिला. इतकी वर्षं राहिला की आता घरात बोलतानाही माझ्या मराठीत 'मतलब' शिरतं, आणि बायको म्हणते, दिवाळी अंकात तरी जपून लिहा.

आमचं काम काय, ते आधी सांगतो. जयपूर हे रत्नांच्या व्यापाराचं शहर. जोहरी बाजारात पाचूपासून काचेपर्यंत सगळं मिळतं, आणि काही दुकानांत दोन्ही एकाच भावात. एखादा खडा खरा की खोटा याबद्दल वाद झाला की तो आमच्याकडे येई. आता दगड ओळखण्याचे दोन रस्ते आहेत. एक हाताचा: घासा, फोडा, पूड करा, आम्लात टाका. यात उत्तर नक्की मिळतं, पण दगड उरत नाही. दुसरा रस्ता नजरेचा. खड्यातून प्रकाश जाऊ द्यायचा आणि तो बाहेर येताना किती वाकला, त्यातले कोणते रंग आत अडकले, हे उपकरणातून बघायचं. प्रत्येक दगड प्रकाशातून आपापला हिस्सा काढून घेतो, आणि काय घेतलं त्यावरून चोर ओळखायचा. राणीच्या हारातला पाचू फोडून बघता येत नसल्यामुळे आम्ही बहुधा नजरेनेच काम करत असू.

एकदा असाच एका ठाकुरांच्या घरातला हार आला. सोबत मुनीम, मुनिमासोबत बंदूकवाला. मी एकेक पाचू बघत गेलो. सगळे खरे निघाले, मधला सर्वांत मोठा तेवढा काच निघाला. मुनीमजींनी अहवाल वाचला आणि मला शांतपणे समजावलं की मधला मोठा खोटाच आहे हे हवेलीत सगळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्यांना बाकीच्यांची शंका होती. बंदूकवाल्याने जाताना मला सलाम केला.

दारावरच्या पाटीवर 'पत्थर की जाँच' असं लिहिलेलं होतं. त्या पाटीमुळे एक गृहस्थ मोठ्या आशेने आले आणि त्यांनी कागदाची पुडी माझ्यापुढे उघडली. आत मुतखडा होता. नुकताच पडलेला. तो कसला आहे हे डॉक्टर सांगत नव्हते आणि घरचे म्हणाले, सरकारने दगड तपासायचं ऑफिस काढलंय तर तिकडे जा. मी त्यांना परत पाठवणार होतो, पण आमचे साहेब म्हणाले की स्फटिक तो स्फटिकच. आम्ही तो तपासला आणि कसला आहे ते रीतसर सांगितलं. ते गृहस्थ नंतर प्रत्येक दिवाळीला घेवर ही तिकडची मिठाई घेऊन येत. सुदैवाने सोबत दुसरी पुडी कधी आणली नाही.

हे आमचे साहेब म्हणजे माथुर साहेब. खाणींमध्ये आयुष्य घालवलेला, खिशात कायम हातोडी बाळगणारा माणूस. त्यांचा माझ्या उपकरणांवर विश्वास नव्हता असं नाही, पण हातोडीवर जास्त होता. आणि साठ सालानंतर माणूस चंद्रावर जाणार अशा बातम्या येऊ लागल्या, तेव्हापासून दुपारच्या चहाला आमच्यात एकच वाद रंगायचा. चंद्र कशाचा बनला आहे, हे कळायला तिथे माणूस कशाला जायला हवा?

माझं म्हणणं असं की प्रकाश घरपोच येतोय. चंद्रावरून येणारा प्रकाश दुर्बिणीने पकडावा, त्याचे रंग पाहावे, तो कसा परततो ते मोजावं. अडचण एकच, मधली हवा. हवेमुळे चित्र हलतं, काही किरण खाली पोचतच नाहीत. तर मग हवेच्या वर दुर्बीण टांगावी. तेव्हा शास्त्रज्ञ तसं बोलू लागले होते आणि छोटी छोटी उपकरणं वर गेलीही होती. दोन-तीन माणसं पाठवण्याच्या खटाटोपात अशा किती दुर्बिणी टांगता येतील, असा माझा हिशेब.

माथुर साहेब बशीत चहा ओतत आणि विचारत, "और उस दूरबीन को पोंछने कौन जाएगा?"

मी हसायचो. पुढे कितीतरी वर्षांनी आकाशातली एक मोठी दुर्बीण दुरुस्त करायला खरोखरच माणसांना वर जावं लागलं, तेव्हा मी पेपर बाजूला ठेवून एकट्यानेच माथुर साहेबांना हात जोडले. पण त्यांचं मुख्य म्हणणं वेगळं होतं. "भैया, दूर से तो मेरी सास भी अच्छी लगती है," ते म्हणत. हातात घेतल्याशिवाय दगड कळत नाही, एवढाच त्यांचा मुद्दा.

आता घासीलालजींकडे येतो, कारण सगळी गोष्ट त्यांच्यामुळे घडली.

घासीलालजी जोहरी बाजारातले जुने व्यापारी. सगळा बाजार पाचू-माणकाच्या मागे, हे मात्र फक्त चंद्रकांत मणी विकत. बाजारात त्याला मूनस्टोनच म्हणतात. दुधासारखा खडा, आणि हलवला की आत निळसर चांदणं सरकतं. त्यांच्या वडिलांनी हा धंदा सुरू केला, घासीलालजींनी आयुष्यभर माल जमवला, निवडला, चांदण्याप्रमाणे लावून ठेवला. बाजारात त्यांना 'चाँदवाले' म्हणत. त्यांच्या दोन मुलांना यात काडीचा रस नव्हता. त्यांना दुकान मोडून स्कूटरच्या सुट्या भागांचं दुकान काढायचं होतं.

चंद्रावर माणूस उतरणार त्या उन्हाळ्यात एका हिंदी पेपराने बातमी दिली की अमेरिकन लोक येताना तिथले 'मून स्टोन' पेट्या भरून आणणार आहेत. इंग्रजी तारेत 'चंद्रावरचे दगड' अशा अर्थाने आलेले शब्द कुणीतरी जसेच्या तसे उचलले होते. दिल्लीत किंवा मुंबईत ही बातमी वाचून कुणाला काही वाटलं नसेल. जोहरी बाजारात मात्र हाहाकार झाला. चंद्रावर मूनस्टोनचा डोंगर आहे आणि आता तो खाली येणार, म्हणजे मालाची किंमत मातीमोल. दोनच दिवसांत घासीलालजींच्या मुलांनी एक मोठा व्यापारी गाठला. तो सगळा माल उचलायला तयार होता, पण आत्ताच, अमेरिकन परत यायच्या आत.

घासीलालजी माझ्यापुढे येऊन बसले. पगडी नीट होती, चेहरा नव्हता. त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"साहब, एक बात बताओ. चाँद पर मूनस्टोन है कि नहीं? हाँ या ना."

मी त्यांना समजावलं की हे नावाचं साम्य आहे, पेपरवाल्याची चूक आहे. ते ऐकून घेत होते, पण पटत नव्हतं. त्यांचा मुद्दा सरळ होता: चंद्र पांढरा, मूनस्टोन पांढरा, दोघांतही चांदणं, मग वाडवडिलांनी हे नाव उगाच ठेवलं असेल का? आणि मूनस्टोन नसेल तर निदान संगमरवर असणार. मकराण्याच्या खाणीत मिळतो तसा.

मी म्हणालो, चंद्र पांढरा नाहीच. तो काळा आहे.

या बोलण्यावर माथुर साहेबांनीही खुर्ची वळवली. पण हे खरं होतं आणि मला ते बरेच दिवस माहीत होतं. चंद्रावर पडलेल्या प्रकाशातला फार थोडा परत येतो, जुन्या डांबरी रस्त्यावरून येतो तितपत. तो पांढरा दिसतो कारण भोवतालचं आकाश त्याहून काळं आहे. हे समजावण्यासाठी मी उदाहरण शोधत होतो आणि घासीलालजींच्या हाताकडे लक्ष गेलं. त्यांच्या हातात त्यांचा नेहमीचा काळा मखमलीचा तुकडा होता. गिऱ्हाइकाला खडा दाखवताना ते आधी तो अंथरत.

मी विचारलं, मंद खडा असला तर कशावर ठेवता?

म्हाताऱ्याच्या मिशीत हसू आलं. "मतलब, ऊपरवाले ने मखमल बिछा रखी है."

धंद्याची युक्ती देवही वापरतो, याचा त्यांना फार आनंद झाला. पण मुलं आणि व्यापारी एवढ्याने ऐकणार नव्हते. म्हणून मी त्यांनाही बोलावून घेतलं आणि त्यांच्यादेखत एक खेळ मांडला. चंद्रावर बारीक पूड पसरलेली आहे, हे दुर्बिणीतून ठरलेलं होतं, म्हणून शास्त्रज्ञ निरनिराळ्या दगडांची पूड करून तिचा उजेड चंद्राच्या उजेडाशी ताडून बघत. मी खलबत्त्यात मकराण्याचा संगमरवर कुटला, जयपूरचा वाळूचा दगड कुटला, घासीलालजींच्या परवानगीने त्यांचा एक फुटका मूनस्टोन कुटला, आणि शेवटी माझ्या टेबलावर कागद दाबायला ठेवलेला जामखेडचा काळा दगड. ताईच्या जात्याला टाकी लावताना उडालेला एक टवका मी येताना उचलून आणला होता, त्याचाच अर्धा भाग. चारही दगडांची पूड दिव्याखाली ठेवली, दिवा फिरवला, उपकरणातून पाहिलं. संगमरवर डोळ्यांत घुसत होता, मूनस्टोनही तसाच. चंद्रावरच्या काळ्या डागांची जी मोजमापं छापून आली होती, त्यांच्याशी जमला तो फक्त आमचा काळा दगड. त्याआधी एक माणूस नसलेलं यान तिथे उतरलं होतं, त्याच्या उपकरणानेही अशाच दगडाची बातमी पाठवली होती.

घासीलालजींनी पुन्हा विचारलं, हाँ या ना. मी म्हटलं, ना. माल विकू नका.

माथुर साहेबांनी नंतर मला बाजूला घेतलं. तू नुसते काळे डाग ताडून बघितलेस, म्हणाले, पांढऱ्या भागाचं काय? मी म्हणालो, तोही त्याच जातीचा असणार, थोडा फिकट. त्यांनी मान हलवली आणि हातोडी खिशात सरकवली. या माणसाचं दुकान तुझ्या शब्दावर उभं आहे, एवढंच ते बोलले.

त्या जुलैत जयपूरला कुणाचं लक्ष कुठे होतं ते मला माहीत नाही, माझं रेडिओवर होतं. सगळं जग ती माणसं सुखरूप उतरावीत म्हणून प्रार्थना करत होतं. मीही करत होतो, पण त्यांनी वाकून काय उचललं हे मला आधी ऐकायचं होतं. घासीलालजी बिचारे देवळात गेले. देवाकडे काय मागितलं, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले, पाऊल जपून टाका आणि पांढरं काही दिसलं तर तिथेच ठेवा.

काही आठवड्यांनी बातमी आली. दगड काळा. आपल्याकडे दख्खनचं पठार ज्याचं बनलंय, त्या बेसाल्टच्या जातीचा. थोडाफार फरक होता, पण घराणं तेच. माथुर साहेबांनी स्वतःच्या खर्चाने सगळ्या ऑफिसला कचोरी दिली. मुलांनी बोलणी थांबवली. व्यापारी पाचूकडे वळला. माझं नाव बाजारात इतकं झालं की चाकसूहून एक शेतकरी पागोट्यात बांधून चंद्राचा तुकडा घेऊन आला. रात्री शेतात पडला म्हणे. तो रेल्वेच्या इंजिनातून टाकलेल्या जळक्या कोळशाचा गोळा होता. मी तसं सांगितलं तर तो म्हणाला, पण साहेब, काळा तर आहे ना? माझंच वाक्य माझ्यावर उलटल्याचं ते पहिलं उदाहरण.

दुसरं हिवाळ्यात आलं. परदेशातल्या प्रयोगशाळांचे तपशील छापून आमच्यापर्यंत पोचले. मी ते वाचत होतो आणि एका जागी थांबलो. चंद्राच्या मातीत काळ्या दगडाच्या चुऱ्याबरोबर थोडे पांढरे कण सापडले होते. ते पांढऱ्या डोंगरांकडून उडून आलेले असावेत, असा काहींचा तर्क होता. म्हणजे चंद्राचा पांढरा भाग वेगळ्याच दगडाचा, जवळजवळ संपूर्ण फेल्डस्पार नावाच्या खनिजाचा. आणि मूनस्टोन हा फेल्डस्पारच्याच कुळातला खडा.

अगदी तोच नव्हे. चंद्रावरचा वेगळ्या शाखेचा, त्याच्यात चांदणंही नाही. पण कूळ एक. या दगडाची गंमत अशी की तो प्रकाशातून जवळजवळ काहीच काढून घेत नाही. चोरी करत नाही म्हणून दुरून सापडत नाही. माझ्या नजरेच्या रस्त्याला तो नुसता पांढरा दिसला होता. त्याला ओळखायला कुणीतरी वाकून माती उचलावी लागली. दुर्बिणीने अर्धा चंद्र बरोबर सांगितला होता. उरलेला अर्धा माथुर साहेबांचा.

मी तपशील त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला, सासूचा विनोद केला नाही, फक्त म्हणाले की घासीलालजींना हे आपणच सांगायला हवं, बाजाराने सांगण्याआधी.

त्यांच्या दुकानाची पायरी चढताना मी मनात वाक्यं जुळवत होतो. मुलं दोघं तिथेच होती. मी सगळं सांगितलं: चंद्रावरचे पांढरे डोंगर बहुधा मूनस्टोनच्या कुळातले आहेत, मी 'ना' म्हणालो होतो ते पुरतं खरं नव्हतं. ते इथे आणून विकण्याजोगं काही नाही, कुणी पेट्या भरून आणणारही नाही, पण नातं आहे. लांबचं. चुलत-चुलत म्हणावं असं.

घासीलालजींनी चष्मा काढला. मला वाटलं, आता संपलं.

"रिश्ता है?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, लांबचं.

"साहब, रिश्तेदार तो रिश्तेदार होता है." आणि ते मुलांकडे वळून म्हणाले, "सुना? हमारी रिश्तेदारी चाँद में निकली."

आठवड्याभरात दुकानावर नवी पाटी लागली: 'चाँद के रिश्तेदार'. मी जाऊन शास्त्रीय हरकत घेतली. पाटीवर 'दूर के' हा शब्द तरी घाला, म्हटलं. घासीलालजींनी विचार करून सांगितलं की लग्नाच्या पत्रिकेत कुणी 'दूर के' लिहितं का? माझी हरकत तिथेच पडली. परदेशी पाहुणे ती पाटी वाचून आत शिरू लागले. थोरला मुलगा त्यांच्याशी इंग्रजीत बोलता बोलता धंद्यात रमला. धाकट्याने स्कूटरच्या भागांचं दुकान काढलं, आणि त्याच्या काचेतही एक मूनस्टोन काळ्या मखमलीवर ठेवलेला मी पाहिला आहे.

नात्याची बातमी सांगून त्या दिवशी पायरी उतरताना घासीलालजींनी माझ्या हातात एक खडा ठेवला होता. घरी कोण आहे, त्यांना द्या म्हणाले. मी म्हणालो, थोरली बहीण आहे, गावाकडे. कशी आहे, त्यांनी सहज विचारलं. मी म्हणालो, बरी आहे.

आणि चालता चालता मला जाणवलं की हे मी तिच्या पत्रावरून सांगतोय. ताई महिन्याला एक पोस्टकार्ड पाठवायची. त्यात दर वेळी तेच: मी बरी आहे, काळजी नको. मीही दर वेळी ते वाचून निश्चिंत व्हायचो. दिवाळीला जाऊ म्हणता म्हणता होळी यायची, आणि होळी गेली की उन्हाळ्यात कामं निघायची. प्रकाश घरपोच येत होता ना.

त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. ताईला जोडाक्षरं अडतात. शाळा सुटली तेव्हा ती शिकायची राहिली, आणि पत्रात जोडाक्षर आलं की ताई शेजारच्या मुलांकडून वाचून घेई. तिला माझं पत्र एकटीने वाचता यावं म्हणून मी ती टाळून लिहायचो. या पत्राला त्यामुळे बराच वेळ लागला. तिने ते जपून ठेवलं होतं, म्हणून इथे जसंच्या तसं देतो:

गोदाताई,

पाया पडतो. मी इकडे बरा आहे. थंडी फार.

एक गंमत सांगतो. माणसं चांदोबावर जाऊन आली, ते तू ऐकलंच असशील. येताना दगड घेऊन आली. दगड काळा निघाला, आपलं जातं आहे ना, जवळजवळ तसाच. मी ते इथे बसून आधीच सांगितलं होतं. लोकांना वाटलं, हा फार हुशार. तू दळायला बसायचीस आणि मी शेजारी पडून जातं बघत राहायचो, हे लोकांना कुठे माहीत?

पण चांदोबाचा पांढरा भाग मला ओळखता आला नाही. दुरून तो नुसता पांढरा दिसतो. माणसं गेली, वाकली, माती उचलली, मग कळलं की तो दगड वेगळाच आहे.

तू दर वेळी लिहितेस, मी बरी आहे, काळजी नको. दुरून मला ते खरं वाटतं. पण आता माझा दुरून बघणारांवर भरवसा राहिला नाही, आणि दुरून बघणारा मीच आहे.

रजा मागितली. साहेबांनी लगेच दिली. होळीआधी येतो. घासीलालजी नावाचे एक आजोबा आहेत, ते तुला चांदोबाचा एक नातेवाईक पाठवत आहेत. तो सोबत आणतो. तो जेवत नाही, बोलत नाही, तू घाबरू नकोस.

जातं कुणाला देऊ नकोस. मला ते जवळ बसून बघायचं आहे. तुला आधी.

तुझा
बाळू